फिल्टर बसला, पण वीज सुधारली का? महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई.

विषय: लहान व मध्यम उद्योगांतील हार्मोनिक्स (विजेच्या मूळ लाटेत मिसळणाऱ्या नकोशा लाटा), आणि ते आवरण्यासाठी बसवल्या जाणाऱ्या फिल्टरांची चालू भारावर पडताळणी करण्याबाबत.

महोदय,

मी विद्युत अभियंता आहे. गेली बावीस वर्षे कोल्हापूर, इचलकरंजी आणि सांगली या पट्ट्यातील कारखान्यांची पॅनेल, ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर सांभाळण्याचे व तिथे येणाऱ्या विजेची मोजणी करण्याचे काम मी करतो. आयोगाने २०२१ साली वीजपुरवठा संहितेचे जे विनियम केले त्यांच्या शीर्षकातच ‘वीज गुणवत्ता’ हे शब्द आले, तेव्हा माझ्यासारख्यांना मनापासून आनंद झाला होता. तोवर आमच्याकडे विजेची तक्रार म्हणजे वीज आहे की गेली एवढीच असे. आलेली वीज कशी आहे, हे विचारण्याची रीत नव्हती. आता हार्मोनिक्स आवरण्यासाठी कारखान्यांत फिल्टर बसू लागले आहेत, आणि फिल्टर बसला की दोष गेला असे कारखानदार, पुरवठादार आणि तपासणीला येणारे अधिकारी असे सगळेच धरून चालतात. माझा अनुभव तसा नाही. कारखान्याचा भार क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून त्यावरचा उपायही क्षणाक्षणाला जुळवून घेणारा हवा, आणि तो तसे करतो की नाही हे चालू भारावर मोजूनच ठरवायला हवे. मुख्यतः याच मागणीसाठी हे पत्र आहे.

पत्र खुले असल्यामुळे थोडे मुळापासून सांगतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने घेणाऱ्या गुळगुळीत लाटेच्या रूपात येते. साधी मोटर किंवा हीटर त्या लाटेसारखाच प्रवाह घेतात. पण मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह, सीएनसी यंत्रे, इंडक्शन भट्ट्या, संगणक आणि एलईडी दिवे हे सगळे आधी विजेचे डीसीमध्ये रूपांतर करतात आणि त्यासाठी लाटेच्या माथ्यावर प्रवाहाचे लचके तोडतात. असा तुटक प्रवाह म्हणजे ५० हर्ट्झच्या मूळ लाटेत तिच्या पटींच्या लाटा मिसळलेल्या असतात. तीन फेजच्या नेहमीच्या ड्राइव्हमध्ये पाचवे, सातवे, अकरावे आणि तेरावे हार्मोनिक, म्हणजे २५०, ३५०, ५५० आणि ६५० हर्ट्झचे प्रवाह ठळक असतात. एका फेजवरच्या उपकरणांत तिसरे हार्मोनिक मोठे असते आणि तिन्ही फेजचे तिसरे हार्मोनिक न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द न करता एकत्र येतात. म्हणूनच कार्यालयांच्या इमारतींत फेजच्या तारा थंड आणि न्यूट्रल हात लावता येणार नाही इतकी गरम, असे पाहायला मिळते.

आता एक प्रसंग सांगतो. कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण असे कारखाने शेकड्यांनी आहेत. पाच वर्षांपूर्वी एका मशीन शॉपमधून फोन आला की दोन महिन्यांत तिसरा कपॅसिटर उडाला. मी गेलो तेव्हा पॅनेलच्या खोलीत जळक्या तेलाचा वास होता, डबा पोटातून फुगून वर फाटला होता आणि शेजारच्या दोन डब्यांची वरची बाजू बोटाने दाबली तर फुग्यासारखी लागत होती. कपॅसिटर जोडणारा-सोडणारा पॅनेलच्या दारावरचा रिले मात्र ०.९९ असा उत्तम पॉवर फॅक्टर (घेतलेल्या प्रवाहातला किती कामी येतो याचे प्रमाण) दाखवत होता. इलेक्ट्रिशियन म्हणाला, “साहेब, कपॅसिटर दरवेळी दुपारीच जातो. रात्रपाळीत कधी गेला नाही.” त्याच्या त्या एका वाक्यात अर्धे निदान होते.

तिथला ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीएचा. त्याचे इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) पाच टक्के धरले आणि वरच्या जाळ्याचे सोडून दिले, तर त्याची शॉर्ट सर्किट क्षमता १०,००० केव्हीए येते. या आकड्याला चालू असलेल्या कपॅसिटरच्या केव्हीएआरने, म्हणजे क्षमतेने, भागून वर्गमूळ काढले की ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून कोणत्या हार्मोनिकला झंकारतील (रेझोनन्समध्ये येऊन त्याचा प्रवाह वाढवतील) ते कळते. पॅनेलमध्ये प्रत्येकी ५० केव्हीएआरच्या चार पायऱ्या होत्या. एक पायरी चालू असेल तर उत्तर १४ च्या आसपास येते, दोन असतील तर १०, तीन असतील तर ८.२, आणि चारही चालू झाल्या की ७.१. रात्री भार कमी असे, तीनच पायऱ्या लागत आणि झंकार आठव्या हार्मोनिकजवळ पडे; तिथे त्या कारखान्यात प्रवाहच नव्हता. दुपारी सगळी यंत्रे चालू झाली की रिले इमानेइतबारे चौथी पायरी जोडे, झंकार सरकून सातव्या हार्मोनिकवर येऊन बसे, आणि ड्राइव्हमधून येणारा सातव्याचा मोजका प्रवाह कित्येक पटींनी वाढून कपॅसिटरमध्ये घुमू लागे. ४४० व्होल्टच्या ५० केव्हीएआर कपॅसिटरचा नेमून दिलेला प्रवाह ६६ अँपिअर. मानकानुसार तो १.३ पट, म्हणजे सुमारे ८५ अँपिअर सोसतो. माझ्या क्लॅम्प मीटरवर ९४ आले.

हा प्रसंग आयोगापुढे मांडण्याचे कारण असे की त्या कारखानदाराने काहीही चुकीचे केले नव्हते. आधी पॉवर फॅक्टरवर सवलत आणि दंड होता. एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरही हिशेबात धरणाऱ्या युनिटांवर, आली. दोन्ही वेळा त्याला मिळालेला संदेश एकच होता: कपॅसिटर लाव. त्याने ते लावले. पण प्रवाहात हार्मोनिक्स असतील तर कपॅसिटरने पॉवर फॅक्टर एका मर्यादेपलीकडे सुधारत नाही. मूळ लाटेतला फेजचा फरक शून्य केला, तरी प्रवाहाची विकृती (मूळ लाटेच्या तुलनेत सगळ्या हार्मोनिक्सचे प्रमाण) ४० टक्के असताना खरा पॉवर फॅक्टर ०.९३ च्या आसपासच राहतो, कारण उरलेली तूट फरकाची नसून विकृतीची असते. पॅनेलवरचा रिले फक्त मूळ लाट पाहतो आणि ०.९९ दाखवतो, हार्मोनिक्ससह संपूर्ण (आरएमएस) प्रवाह मोजणारे मीटर ०.९३ सांगते. मग कारखानदार गोंधळतो, आणखी एक कपॅसिटर जोडतो, मूळ लाटेचा प्रवाह लीडिंग होतो, म्हणजे व्होल्टेजच्या पुढे धावतो, आणि झंकार आणखी खाली, पाचव्या हार्मोनिककडे सरकतो, जिथे ड्राइव्हचा सर्वांत मोठा प्रवाह आहे. म्हणून माझी आयोगाला पहिली विनंती अशी की दर आदेशातील केव्हीए हे मूळ लाटेचे की हार्मोनिक्ससह, हे सामान्य ग्राहकाला वाचून समजेल अशा भाषेत लिहिले जावे आणि बिलावर विकृतीचा आकडा स्वतंत्र छापला जावा. आपण नेमके कशाचे पैसे भरतो हे कळले, तरच माणूस योग्य औषध घेतो.

त्या कारखान्यात आम्ही कपॅसिटरच्या मागे सात टक्क्यांचे रिअॅक्टर (तारेच्या गुंडाळ्या) घातले आणि ५२५ व्होल्टचे कपॅसिटर बसवले. सात टक्क्यांचा रिअॅक्टर जोडला की ती शाखा १८९ हर्ट्झला जुळते. त्याच्या वर ती कपॅसिटरसारखी वागतच नाही, त्यामुळे २५० किंवा ३५० हर्ट्झला झंकार होण्याची शक्यता उरत नाही. त्यानंतर तिथे एकही कपॅसिटर उडालेला नाही. हा उपाय साधा, टिकाऊ आणि स्वस्त आहे, आणि महागड्या यंत्रांच्या चर्चेत त्याचा विसर पडू नये असे मला कळकळीने वाटते. पण तो कपॅसिटर वाचवतो. ड्राइव्हने निर्माण केलेले हार्मोनिक्स बाहेर जाळ्यावर जायचे ते जातातच. नेमके पाचव्या किंवा सातव्याला जुळवलेले, रिअॅक्टर आणि कपॅसिटरचे निष्क्रिय फिल्टर बसवले, तर ते त्या हार्मोनिकला वाट देतात, पण अशी वाट दिसली की शेजारच्या कारखान्याचा पाचवाही त्याच वाटेने आत येतो. शिस्त पाळणाऱ्याचा फिल्टर शेजाऱ्याच्या घाणीने तापतो.

म्हणून सक्रिय फिल्टर. हा कारखान्याच्या प्रवाहातून हार्मोनिक्स ओळखतो आणि तितकाच उलटा प्रवाह स्वतः सोडतो, म्हणजे जाळ्याकडून फक्त मूळ लाट घ्यावी लागते. कल्पना जुनी आहे. १९७१ मध्ये सासाकी आणि माचिदा यांनी आणि १९७६ मध्ये ग्युगी आणि स्ट्रायक्युला यांनी तिची मांडणी केली. ती कारखान्यात चालू शकेल असे गणित जपानमध्ये आकागी, कानाझावा आणि नाबाए यांनी १९८३ च्या सुमारास तात्कालिक शक्तीच्या सिद्धांतातून दिले. आपल्याकडे दिल्लीच्या आयआयटीत प्रा. भीम सिंग यांनी अल-हद्दाद आणि चंद्रा यांच्यासह १९९९ मध्ये या फिल्टरांचा जो आढावा लिहिला, तो या क्षेत्रातल्या अभ्यासकांना आजही पहिल्यांदा वाचायला सांगितला जातो. ज्ञान आपल्या देशात आहे. अडचण आहे ती ते पॅनेलच्या खोलीपर्यंत पोहोचण्याची.

सक्रिय फिल्टरचे सारे यश एका प्रश्नावर अवलंबून असते: या क्षणी प्रवाहात कोणते हार्मोनिक किती आहे, हे तो किती लवकर आणि किती अचूक ओळखतो? नेहमीची पद्धत फूरिएच्या विश्लेषणाची, म्हणजे लाट गणिताने तिच्या हार्मोनिक्समध्ये सोडवण्याची. त्यासाठी किमान एक पूर्ण आवर्तन, म्हणजे २० मिलिसेकंदांचे मोजमाप हाती यावे लागते. आकडे स्थिर यावेत म्हणून काही यंत्रे दोन-तीन आवर्तनांची सरासरी घेतात. पुढचे आवर्तन मागच्यासारखेच असेल, असे यात गृहीत धरलेले असते. पाण्याचा पंप किंवा हवेचा पंखा असेल तर ते खरे ठरते. तात्कालिक शक्तीची, म्हणजे त्या त्या क्षणीच्या व्होल्टेज आणि प्रवाहावरून हिशेब करणारी पद्धत वेगवान आहे, पण व्होल्टेजची लाटच वाकडी असेल तर ती चुकीचा संदर्भ काढते, आणि आमच्या भागातल्या लांबलचक फीडरांच्या टोकाला व्होल्टेज वाकडेच असते.

तिसरी पद्धत जुळवून घेणाऱ्या, म्हणजे अॅडाप्टिव्ह फिल्टरची. तिचे मूळ १९६० मध्ये स्टॅनफर्डला बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी मांडलेल्या एलएमएस या अल्गोरिदममध्ये आहे. १९७५ मध्ये विड्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रीतीने हृदयाच्या ईसीजी आलेखात मिसळणारी मुख्य विजेची गुणगुण काढून दाखवली. तिथे विजेची लाट हा नकोसा आवाज होता. आम्हाला तीच लाट जपायची आहे आणि बाकीचे काढायचे आहे, पण रीत तीच. प्रत्येक हार्मोनिकसाठी दोन आकडे धरायचे, एक साइनचा आणि एक कोसाइनचा. त्यांवरून अंदाजाची लाट बनवायची, खऱ्या लाटेतून ती वजा करायची, जी चूक उरेल तिच्या प्रमाणात दोन्ही आकडे किंचित सरकवायचे, आणि हे प्रत्येक नमुन्याला पुन्हा करायचे. सेकंदाला दहा हजार नमुने घेतले तर एका आवर्तनात ही दुरुस्ती दोनशे वेळा होते. तानपुरा जुळवणारा माणूस हेच करतो. तो तार छेडतो, कान देतो, खुंटी केसभर फिरवतो, पुन्हा छेडतो. खुंटी जोरात फिरवली तर सूर पलीकडे जातो आणि तो मागे-पुढे हेलकावतच राहतो. फार हळू फिरवली तर मैफल सुरू होऊनही तंबोरा लागलेला नसतो. अल्गोरिदममध्ये या फिरवण्याच्या मापाला पायरीचे माप म्हणतात. भार एकाएकी बदलला की मोठी पायरी आणि चूक कमी झाली की लहान, असे ते माप स्वतःच बदलणारे फिल्टर आज बनवता येतात आणि माझ्या मते लहान कारखान्यांना तेच उपयोगी आहेत.

याचा फरक प्रत्यक्षात किती पडतो, हे मला एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात दिसले. तिथे पत्र्याच्या कपाटांचे स्पॉट वेल्डिंग चालते. एक टाका साधारण दहा आवर्तनांचा, म्हणजे २०० मिलिसेकंदांचा; मग कामगार पत्रा सरकवतो आणि पुढचा टाका. तिथे बसवलेला फिल्टर सरासरी घेऊन चालणारा होता. टाका सुरू झाल्यावर पहिले ४० मिलिसेकंद तो गप्प असे. टाका संपल्यावर पुढचे ४० मिलिसेकंद तो आता नसलेल्या हार्मोनिक्सचा उलटा प्रवाह सोडत राही, म्हणजे तेवढा वेळ फिल्टर स्वतःच हार्मोनिक्सचा उगम होई. कागदावरच्या अहवालात मात्र त्या फिल्टरने विकृती ४ टक्क्यांपर्यंत आणली होती, कारण अहवालाची मोजणी सकाळी वेल्डिंग सुरू होण्याआधी, कॉम्प्रेसर आणि पंख्यांच्या स्थिर भारावर घेतली होती. मालकाने पैसे मोजले होते, पुरवठादाराने यंत्र दिले होते, तपासणी झाली होती. आणि वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्याला ऑफिसातले दिवे पूर्वीसारखेच लुकलुकत होते. दोन वर्षे ते तसेच चालू होते.

जुळवून घेणारा फिल्टर म्हटले की तो चांगलाच, असेही मी म्हणणार नाही, कारण त्याच्याही चुका मी पाहिल्या आहेत आणि त्या जास्त धोक्याच्या असतात. नमुना घेणे, गणित करणे आणि स्विच चालवणे यांत साधारण दीड नमुन्याचा वेळ जातो. दहा हजार नमुन्यांच्या हिशेबाने हा उशीर १५० मायक्रोसेकंदांचा. पाचव्या हार्मोनिकच्या दृष्टीने तो १३.५ अंशांचा, त्यामुळे उशिराची भरपाई केली नाही तर त्यातले सुमारे २४ टक्के शिल्लक राहते. तेराव्या हार्मोनिकला तोच उशीर ३५ अंशांचा होतो आणि ६० टक्के तसेच उरते. तेविसाव्याच्या पुढे फिल्टर लावून हार्मोनिक कमी होण्याऐवजी वाढते. बाहेरच्या प्रवाहातली चूक पाहून स्वतःला सुधारणारा फिल्टर हा फेजचा फरक बराचसा भरून काढतो, ही त्याची खरी ताकद आहे. पण फरक ९० अंशांपलीकडे गेला, जो या उदाहरणात पस्तिसाव्या हार्मोनिकला जातो, तर त्याची प्रत्येक दुरुस्ती उलट दिशेने पडते आणि तो सुधारण्याऐवजी भडकत जातो. चांगल्या रचनेत या उशिराचे प्रतिमान आत घातलेले असते किंवा वरच्या हार्मोनिक्सना हातच लावला जात नाही. नमुन्यांचा वेग दुप्पट केला की सगळे कोन निम्मे होतात. हे सगळे कारखान्याच्या मालकाला कळावे अशी अपेक्षा नाही. पण कोणीतरी त्याच्या वतीने तपासावे, अशी नक्कीच आहे.

एका ठिकाणी नवा फिल्टर चालू केला की दहा सेकंदांत ट्रिप होई. पुरवठादाराचा माणूस तीनदा येऊन गेला आणि ‘तुमच्या लाइनमध्येच दोष आहे’ असे सांगून गेला. मी बसबारजवळ टॉर्च धरून पाहिले, तर एका फेजवरचा सीटी (प्रवाह मोजणारा करंट ट्रान्सफॉर्मर) उलटा बसवलेला होता. जुळवून घेणारा अल्गोरिदम त्या फेजमध्ये चूक कमी करायला जाई आणि ती दुप्पट करी. ती दुप्पट झाली म्हणून आणखी जोर लावी. शेवटी प्रवाहाची मर्यादा आली की यंत्र स्वतःला वाचवायला बंद पडे. साधा फिल्टर अशा चुकीने नुसता निकामी राहिला असता. स्वतः शिकणाऱ्या यंत्राला चुकीचे कान दिले तर ते चुकीचेच शिकते, आणि मन लावून शिकते. सीटी फिरवायला पाच मिनिटे लागली. ज्या वायरमनने तो बसवला होता, तो चांगला, कष्टाळू माणूस होता. सीटीवरच्या बाणाचा अर्थ त्याला कधी कोणी सांगितलेला नव्हता. आयटीआयच्या वीजतंत्री अभ्यासक्रमात हार्मोनिक्स, सीटीची दिशा आणि फिल्टरजवळ साधे कपॅसिटर ठेवले तर काय होते, एवढे तीन धडे आले, तरी अशा किती तरी फेऱ्या वाचतील. हे आयोगाच्या थेट अखत्यारीत नाही, तरी आयोगाने सुचवले तर ते ऐकले जाईल.

डिझेल जनरेटरचीही बाजू आहे. राष्ट्रीय जाळ्याची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे आणि ती बहुतेक वेळ तिथेच असते. पण वीज गेली आणि कारखाना जनरेटरवर आला की ती ४९ किंवा त्याखाली सहज उतरते. मग सातवे हार्मोनिक ३५० ऐवजी ३४३ हर्ट्झला असते आणि ५० हर्ट्झ गृहीत धरून बसलेला फिल्टर चुकीच्या जागी शोधत राहतो. वारंवारतेचाही मागोवा घेणारी रचना इथे आवश्यक असते. आमच्याकडे जनरेटर हा अपवाद नाही, त्यामुळे ही चाचणीही अपवादात्मक समजू नये.

मर्यादा कोणत्या असाव्यात यावर वाद घालण्याची गरज नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००७ च्या जोडणी विनियमांनी व्होल्टेजची एकूण विकृती ५ टक्के, कोणतेही एक हार्मोनिक ३ टक्के आणि प्रवाहाची विकृती ८ टक्के असे आकडे घातले; आयईईई ५१९ या मानकाच्या २०१४ आणि २०२२ च्या आवृत्त्यांत प्रवाहाची मर्यादा त्या जागेच्या शॉर्ट सर्किट क्षमतेप्रमाणे बदलते, आणि हे अधिक न्याय्य आहे. वाद आहे तो मोजण्याच्या रीतीचा. मध्यरात्री दोन वाजता ४० अँपिअर प्रवाहावर विकृती ६० टक्के दिसली, तर हार्मोनिक्स २४ अँपिअर असतात. दुपारी ४०० अँपिअरवर ती २० टक्के दिसली, तर ८० अँपिअर. जाळ्याला त्रास दुसऱ्याचा आहे, पण नोटीस पहिल्यावर निघू शकते. म्हणून टक्केवारी नेहमी ग्राहकाच्या कमाल मागणीच्या प्रवाहाशी काढावी, त्या क्षणीच्या प्रवाहाशी काढू नये. आयईसी ६१०००-४-३० मानकाच्या अ वर्गाच्या उपकरणाने पूर्ण एक आठवडा, दहा-दहा मिनिटांच्या नोंदींनी मोजणी व्हावी, आणि त्याच आठवड्यात पुरवठ्याच्या व्होल्टेजचीही नोंद व्हावी. याचे कारण साधे आहे: व्होल्टेज आधीच वाकडे असेल तर निव्वळ हीटर चालवणारा ग्राहकही हार्मोनिक प्रवाह घेतो. प्रवाहाची जबाबदारी ग्राहकाची आणि व्होल्टेजची वितरण परवानाधारकाची. एकाची मोजणी करून दुसऱ्याला मोकळे सोडले तर सगळा बोजा फिल्टर विकत घेणाऱ्यावर येतो. नोंदींची प्रत ग्राहकालाही मिळायला हवी.

आणि ज्या ग्राहकाला फिल्टर बसवायला सांगितले जाईल, त्याच्या यंत्राची स्वीकृती नामपट्टीवरून होऊ नये. त्या कारखान्याचा जो सर्वांत चढउताराचा भार असेल, मग तो वेल्डिंगचा टाका असो, भट्टीचा चार्ज असो की लूमची चालू-बंद, त्याच भारावर, दहा मिनिटांच्या सरासरीच्या बरोबरीने दहा-दहा आवर्तनांच्या बारीक नोंदी घ्याव्यात. कपॅसिटरच्या प्रत्येक पायरीसह आणि जनरेटरवरही एकदा चाचणी व्हावी. आत कोणता अल्गोरिदम आहे हे आयोगाने विचारू नये. तो उद्या बदलेल. भार बदलल्यावर किती मिलिसेकंदांत विकृती मर्यादेत आली आणि भार गेल्यावर फिल्टर किती मिलिसेकंदांत शांत झाला, हे दोनच आकडे मागावेत. ज्याचा फिल्टर खरोखर जुळवून घेतो तो ते आनंदाने देईल.

इचलकरंजीच्या यंत्रमागांचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही, आणि तो मला सर्वांत जवळचा आहे. एकाच डीपीवर, म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मरवर, पंचवीस-तीस घरांतले माग असतात. जुन्या साध्या मागांच्या जागी ड्राइव्ह असलेले माग येत आहेत. कोणा एकाचे हार्मोनिक्स मर्यादेबाहेर नसतात, सगळ्यांचे मिळून ट्रान्सफॉर्मर तापवतात, आणि चार मागांच्या मालकाला सक्रिय फिल्टर घे म्हणणे म्हणजे माग विक म्हणण्यासारखे आहे. अशा ठिकाणी डीपीवरच वितरण परवानाधारकाने एक सामाईक फिल्टर बसवावा, तोच प्रतिक्रियात्मक शक्तीही (एरवी कपॅसिटर पुरवतात ती) भरून काढील आणि फेजमधला असमतोलही कमी करील, आणि त्याचा खर्च आयोगाने भांडवली खर्चात मान्य करावा. अनेक लहान फिल्टर एकाच फीडरवर स्वतंत्रपणे जुळवून घेऊ लागले की ते एकमेकांच्या दुरुस्तीलाच दुरुस्त करू पाहतात; एका जागी एक मोठा असणे तांत्रिकदृष्ट्याही सोयीचे. छतावरच्या सौर इन्व्हर्टरांचाही इथे विचार व्हावा. त्यांतली स्विचिंगची रचना सक्रिय फिल्टरसारखीच असते आणि सूर्य मावळल्यावर ती रिकामी बसते. जुळवून घेणाऱ्या नियंत्रणाने त्यांच्याकडून दिवसा वीज आणि रात्री हार्मोनिक्सची भरपाई करून घेता येते, हे प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दाखवले गेले आहे. एखाद्या यंत्रमागाच्या फीडरवर आयोगाच्या देखरेखीखाली वर्षभर असा प्रयोग करून पाहावा आणि त्याच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या कराव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे.

वर उल्लेख केलेल्या तिन्ही कारखान्यांतल्या मोजणीच्या नोंदी माझ्याकडे आहेत. मालकांच्या संमतीने, नावे वगळून, त्या आयोगासमोर ठेवायला मी तयार आहे. पुढच्या दर प्रस्तावावर या विभागात जनसुनावणी होईल तेव्हा मला दहा मिनिटे मिळाली, तर तो फुगलेला कपॅसिटरही मी सोबत आणीन. तो अजून माझ्या टेबलावर आहे.

आपला विश्वासू,
एक विद्युत अभियंता
इचलकरंजी, जि. कोल्हापूर